विमानाभोवतीची हवा संगणक मोजतो कशी? उत्तर दडलंय एका जाळ्यात

विमानाच्या पंखावरून सरकणाऱ्या हवेचे लाल-निळे ॲनिमेशन व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्यातला एकही रंग उमटण्याआधी एक किचकट काम झालेलं असतं. विमानाभोवतीची सगळी जागा लाखो, कधी कोट्यवधी छोट्या कप्प्यांत विभागलेली असते. या जाळ्याला ग्रिड किंवा मेश म्हणतात.

पण ते लागतंच कशाला?

हवा कशी वाहते हे नेव्हिए-स्टोक्स समीकरणं सांगतात. मात्र विमानासारख्या आकारासाठी ती कागदावर सुटत नाहीत. म्हणून संगणक एकेका कप्प्याचा हिशोब मांडतो. शेजारून किती हवा आली, किती गेली, दाब किती झाला.

मग सगळेच कप्पे बारीक का नाही करायचे?

कारण ते परवडत नाही. कप्प्याची लांबी, रुंदी आणि उंची निम्मी केली की कप्पे ८ पट होतात. प्रवाह सतत बदलता असेल तर वेळेचे टप्पेही साधारण निम्मे करावे लागतात. म्हणजे काम १६ पट!

त्यामुळे कुठे दाट आणि कुठे विरळ, हाच खरा कळीचा प्रश्न. पंखाला अगदी चिकटून हवेचा वेग शून्य असतो आणि थोडं वर गेलं की तो झपाट्याने वाढतो. या पातळ थराला बाउंड्री लेअर म्हणतात. घर्षणाचा अंदाज इथेच चुकू शकतो. म्हणून प्रवासी विमानाच्या पंखालगतचा पहिला कप्पा अनेकदा फक्त काही मायक्रॉन उंच ठेवतात. माणसाचा केस त्याच्या कित्येक पट जाड असतो. विमानापासून दूर मात्र मीटरभराचे कप्पेही चालून जातात.

जाळं चुकलं तर?

व्हिडिओ तितकाच देखणा दिसतो, आकडा मात्र चुकतो. हीच तर खरी गोम.

२००१ साली अमेरिकेतल्या एआयएए या संस्थेच्या पहिल्या 'ड्रॅग प्रेडिक्शन वर्कशॉप'मध्ये सगळ्यांना डीएलआर-एफ४ हे एकच विमान-मॉडेल दिलं होतं. युरोपातल्या ३ विंड टनेलमध्ये त्याची चाचणी आधीच झाली होती. तरीही हवेच्या विरोधाची, म्हणजे ड्रॅगची, उत्तरं इंजिनिअरना हवी होती त्यापेक्षा कितीतरी जास्त विखुरलेली आली. या आकड्यावर विमानाला किती इंधन लागेल हे ठरतं, त्यामुळे फरक किरकोळ नव्हता. दोष एकट्या ग्रिडचा नव्हता, पण संशय त्याच्यावरही होता. २००३ च्या दुसऱ्या वर्कशॉपमध्ये मग विरळ, मध्यम आणि दाट अशा तिन्ही ग्रिडवर गणित करून उत्तर किती हलतं ते तपासलं गेलं.

आज ही तपासणी नेहमीची झाली आहे. ग्रिड दाट करत नेल्यावर उत्तर स्थिरावलं, तरच त्यावर भिस्त ठेवतात. अर्थात मूळ भौतिक मॉडेलच चुकलं असेल, तर ते या तपासणीत पकडलं जात नाही.

नासासाठी २०१४ मध्ये तयार झालेल्या 'सीएफडी व्हिजन २०३०' अहवालात ग्रिड तयार करणं हा या कामातला मोठा अडथळा म्हटला होता. गणित संगणक करतो, पण चाकं, फटी, पंखाचे सांधे असलेल्या आकाराभोवती जाळं बसवताना माणसाचे तासन् तास जातात. आता अडॅप्टिव्ह ग्रिडवर भर आहे. त्यात जिथे चूक जास्त वाटते, तिथले कप्पे सॉफ्टवेअर स्वतःच बारीक करत जातं.