खेकडा (विद्युत इंजिन)

खेकडा : मुंबई इलाख्यातील घाटांत मालगाड्या चढवण्यासाठी ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जीआयपी) रेल्वेने आणलेल्या आरंभीच्या विद्युत इंजिनांचे टोपणनाव. मूळ वर्ग ईएफ-१, पुढे डब्ल्यूसीजी-१. एकूण ४१ इंजिने. पहिली १९२८ मध्ये दाखल. १० इंजिने स्वित्झर्लंडमधील विंटरथूरच्या कारखान्यात, उरलेली ३१ इंग्लंडमधील व्हल्कन फाउंड्रीत बांधली गेली. विद्युत सामग्री मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सची. शहापूर तालुक्यातील (जि. ठाणे) कसारा हे थळ घाटाच्या पायथ्याचे स्थानक त्यांच्या मुख्य कार्यक्षेत्रांपैकी एक, दुसरे बोरघाट.

नाव : चालताना जोडदांड्यांची होणारी तिरपी वळवळ व उभे असताना यंत्रातून निघणारा कण्हल्यासारखा आवाज, अशी दोन कारणे सांगितली जातात. युरोपात याच घडणीच्या स्विस इंजिनांना ‘मगर’ म्हणतात.

रचना : मधोमध चौकोनी खोके, दोन्ही टोकांना बसकी लांब नाके. नाके बोगींवर बसवलेली असल्याने वळणात ती मधल्या भागापासून स्वतंत्र वळतात. सुमारे २० मी. लांबीचे इंजिन घाटातल्या वळणांवर चालते ते यामुळे. वजन सव्वाशे टनांच्या आतबाहेर, शक्ती २,६०० अश्वशक्ती, प्रवाह १,५०० व्होल्ट एकदिश. मोटारी चार, प्रत्येक बोगीवर दोन. आजच्या इंजिनात प्रत्येक आसाला आपली मोटार असते. इथे मोटारी दंतचक्रांनी एक आडवा दांडा फिरवत आणि त्याचा जोर बाहेरच्या जोडदांड्यांनी बोगीच्या तिन्ही चाकजोड्यांना पोचे. म्हणजे वरून वीज, खाली वाफेच्या इंजिनाचीच अवजारे. वाफेवर वाढलेल्या फिटरांना हा अर्धा भाग तरी ओळखीचा वाटला असणार.

घाटातील काम : कसारा ते इगतपुरी हा मार्ग १८६५ मध्ये सुरू झाला. सुमारे १६ किमी. अंतरात गाडी तीनशे मीटरच्या आसपास चढते. चढ ३७ ला १. विजेची गाडी मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी प्रथम धावली आणि तारा १९३० पर्यंत इगतपुरीला पोचल्या. रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळा येथे स्वतःचे वीजघर उभारले, इंजिनांसाठी कल्याणला शेड काढली.

चढावर पुढे एक इंजिन पुरत नाही. कसाऱ्याला गाडीच्या शेपटाला ‘बँकर’ लागतो, तो इगतपुरीपर्यंत ढकलतो आणि सुटतो. ही पद्धत आजही चालू आहे. जाणकार मात्र खेकड्याचे मोल चढण्यावर नव्हे तर उतरण्यावर ठरवतात. वाफेच्या काळात भरलेली मालगाडी इगतपुरीहून खाली आणणे म्हणजे ब्रेकच्या ठोकळ्यांची परीक्षा. चाके तापत, ठोकळे झिजत. ब्रेक दगा देईल या धास्तीने घाटात चढाच्या कॅच सायडिंगा ठेवल्या होत्या. सुटलेली गाडी त्यांत शिरून आपोआप थांबावी ही योजना. खेकड्यात पुनर्जनन ब्रेक होता. उतारावर मोटारी उलट जनित्रासारख्या चालत, गाडीचा वेग त्यातच खर्च होई आणि निघालेली वीज तारेत परत जाई. त्याच वेळी दुसरी गाडी चढत असेल तर ती वीज तिच्या कामी येई. वाफेच्या इंजिनाला हे कधीच साधण्यासारखे नव्हते.



निवृत्ती व जतन : १९७० नंतर चित्तरंजनच्या डब्ल्यूसीजी-२ इंजिनांनी घाटातले काम हळूहळू घेतले. तरीही काही खेकडे १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत, मुख्यतः शंटिंगला, दिसत. घाटातला एकदिश प्रवाह नंतर गेला व २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती आला. ‘सर लेस्ली विल्सन’ हे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. १९२५ च्या त्या पहिल्या गाडीचे उद्घाटन करणाऱ्या मुंबईच्या गव्हर्नराचे हे नाव. आणखी एक खेकडा मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात आहे.

स्मृतिवस्तू : जुन्या इंजिनांची चित्रे की-चेन, टी-शर्ट आणि मग यांवर छापून घेण्याची हौस रेल्वेप्रेमींत आहे. दुकानात पांढऱ्या, वरून लेप दिलेल्या मगवर ‘सब्लिमेशन’ने छपाई होते. चित्र कागदावर आरशातल्यासारखे उलटे काढतात, मगला गुंडाळतात आणि १८० ते २०० अंश सेल्सिअसला काही मिनिटे दाबून धरतात. नेहमीच्या सव्वातीनशे मिली. मगवर कान सोडून साधारण २० सेंमी. लांब व ९ सेंमी. उंच पट्टी मिळते. खेकडा २० मीटर असल्याने तो आडवा बसवला की प्रमाण आपसूक शंभरास एक होते.  अडचण एकच : उजव्या हाताने मग धरला की पिणाऱ्याला एक नाक दिसते, समोरच्याला दुसरे, इंजिन सलग कोणालाच दिसत नाही. बरीच चित्रे संग्रहालयातल्या उभ्या इंजिनावरून घेतलेली असतात. कागद जरा सरकला की आधी जोडदांड्यांच्या रेघा फिसकटतात, म्हणून फोटो निवडताना चाकांकडची बाजू उन्हात असलेला घ्यावा. सावलीतल्या फोटोत दांडे व चाके मिळून एकच काळा पट्टा उमटतो. घाटात बँकरचे काम करणाऱ्या खेकड्याचे चित्र हवे असल्यास मात्र पट्टी अपुरी पडते, कारण त्याच्यापुढे अख्खी मालगाडी असते.