हातापर्यंत आलेला फटका

तुमच्या डाव्या हाताचा अंगठा बधिर झाला आहे. फटका मारून चार पावलं चाललात तरी तळव्यातल्या झिणझिण्या ओसरत नाहीत. साल 1855, गाव स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज, महिना जानेवारी. उत्तर समुद्रावरचं वारं लोकरी कोटातून थेट आत शिरतं आहे. थंडीतल्या सकाळी सीझन बॉल बॅटच्या टोकाला लागला की हाताचं जे होतं, तेच आत्ता झालं आहे. फरक एवढाच, की इथे गोल्फचा चेंडू जमिनीवर निवांत पडलेला होता आणि चूक सगळी तुमची होती: क्लबच्या, म्हणजे गोल्फच्या काठीच्या, मधोमध घ्यायचा चेंडू तुम्ही दोन बोटं बाहेर, टोकाला घेतलात.

चेंडू गटापर्चाचा आहे. मलायातल्या झाडांचा हा चीक गरम पाण्यात लोण्यागत मऊ होतो आणि गार झाला की घट्ट. पूर्वेकडून इथे आलेल्या एका विष्णुमूर्तीभोवती पेटीत गटापर्चाचे तुकडे भरले होते आणि त्यांतूनच रॉबर्ट पॅटरसन यांनी पहिला असा चेंडू वळला, अशी आख्यायिका या गावात पुढे कित्येक वर्षं सांगितली जाणार आहे. 1848च्या सुमारास हा चेंडू खेळात आला. त्याआधी चामड्याच्या पिशवीत पिसं ठासून शिवलेला चेंडू होता. तो महाग, ओला झाला की निकामी, पण क्लबला सोसणारा. तुमच्या हातातल्या क्लबचं डोकं त्या जुन्या चेंडूसाठी घडवलेलं आहे: लांब, अरुंद, पुढे निमुळतं. नवा चेंडू त्याला फोडून काढतो.

मैदानाला लागूनच क्लब बनवणाऱ्याचं दुकान आहे. आत या. सरस वितळवायचं भांडं शेगडीवर आहे आणि त्याचा वास लाकडाच्या भुशात मिसळला आहे. कारागिराने तुमचा क्लब हातात घेऊन डोक्याच्या पुढच्या अंगावर नखाने एक चीर दाखवली. मग पटाशीने तिथे चौकोनी खळगा कोरायला घेतला, काडेपेटीपेक्षा लहान. जाड चामड्याचा तुकडा तो खळग्यावर धरतो, कडा चाकूने तासतो, पुन्हा धरून बघतो. बसतो आहे, पण सहज बसता कामा नये. दाबूनच बसायला हवा. सरस लावून तो तुकडा ठोकून बसवला, वरून कानस फिरवली, हाताने चाचपून पाहिलं. डोक्याच्या खालच्या कडेला शिंगाची पट्टी आणि मागच्या बाजूला ओतलेलं शिसं आधीपासूनच आहे. दांडा आणि डोकं तिरक्या सांध्याने चिकटवून वरून डांबर लावलेला दोरा गच्च गुंडाळला आहे.

आता पुन्हा बाहेर जाऊन मारा. मधोमध लागला तर फरक लगेच जाणवतो. कडकपणा गेला, फटका गोळीबंद पण मऊ आला. टोकाला लागला तर अंगठा पुन्हा बधिर. चामडं टणक चेंडू आणि लाकूड यांच्यामध्ये मऊपणा आणतं, तेवढंच त्याला जमतं. टोकाला लागलेला फटका डोक्याला तुमच्या मुठीत फिरवतो, आणि ते फिरणं चामड्याच्या हातात नाही. कारागिराने आपल्या परीने उत्तम काम केलं. पण डोक्याचं वजन सगळं मध्यावरच ठेवलं, तर टोकाचा फटका कोण सांभाळणार?

शंभर वर्षं पुढे या. मधल्या काळात चेंडूच्या पोटात रबराची गुंडाळी आली, हिकरीचे दांडे जाऊन पोलादी आले. आपल्याला त्यातलं काही बघायचं नाही.

1959. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला रेडवुड सिटी, एका साध्या घराचं गॅरेज. मोटारीची जागा ड्रिल मशीनने आणि दांड्यांच्या ढिगाने घेतली आहे. तेरा वर्षांचा एक मुलगा क्लबच्या डोक्यांना भोकं पाडतो आहे; त्याचं नाव जॉन. त्याचे वडील कार्स्टन सोलहाइम दिवसा जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर आहेत आणि रात्री इथे. जन्म 1911चा, नॉर्वेतल्या बर्गनचा. वाढले अमेरिकेत, सिएटलला. वडील चांभारकाम करायचे. मंदीत इंजिनिअरिंगचं शिक्षण सुटलं तेव्हा कार्स्टननेही जोडे दुरुस्त करण्याचं दुकान चालवलं. पुढे विमानाच्या कारखान्यात काम, मग जनरल इलेक्ट्रिक. वयाच्या 42व्या वर्षी ऑफिसातल्या सहकाऱ्यांनी गोल्फला ओढून नेलं. लांबचे फटके जमू लागले, पण ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, चेंडू हलकेच ढकलायचा पटर घेऊन उभं राहिलं की चेंडू होलच्या बाजूने निघून जायचा.

ज्या माणसाचं अर्धं तारुण्य चामडं कापण्यात गेलं, त्याने पटरच्या डोक्याला चामडं लावलं नाही. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. त्याने फटका मऊ करण्याचा विचारच सोडला आणि डोकं फिरतं का, हे शोधायला घेतलं.

टेबलापाशी या, पहिला नमुना बघा. साखरेचे दोन चौकोनी खडे आणि आइसफ्रूटच्या सपाट काड्या. खडे एकमेकांपासून दूर ठेवलेले. पुढून एक काडी चिकटवलेली, मागून एक. मध्ये रिकामं. हेच पटरचं डोकं. तोवरचे बरेचसे पटर म्हणजे धातूची सरळ पट्टी. वजन सगळीकडे सारखं, नाहीतर मध्यावर जास्त. सोलहाइमनी मधलं वजन उचलून दोन टोकांना नेलं.

याचा हिशेब तुम्ही तिथल्याच कागदावर पेन्सिलीने करू शकता. एखादी वस्तू फिरायला किती विरोध करते, हे तिचं वजन आणि ते वजन मध्यापासून किती लांब आहे त्याचा वर्ग, यांच्या गुणाकाराने ठरतं. 100 ग्रॅमचे दोन ठोकळे मध्यापासून 2 सेंटिमीटरवर ठेवले तर उत्तर 800 येतं. तेच दोन ठोकळे 5 सेंटिमीटरवर नेले तर 5000. वजन एका ग्रॅमनेही वाढलं नाही, विरोध सहापटीहून जास्त वाढला. अंतराचा वर्ग होतो म्हणून हे घडतं, आणि सगळी जादू त्या वर्गातच आहे. आता चेंडू टोकाकडे लागला तरी डोकं जेमतेम हलतं; चेंडूची दिशाही फार बिघडत नाही आणि त्याच्या वेगातलंही थोडंच कमी होतं. मुठीत येणारा पीळ त्याच प्रमाणात घटतो.

साखर आणि काड्यांच्या जागी धातू आला, मधोमध दांडा बसला. पटर हातात घ्या. गॅरेजच्या फरशीवर चेंडू ठेवा आणि हलकेच ढकला.

पिंग!

तुम्ही दचकता. पुन्हा मारता, पुन्हा तोच स्वच्छ, उंच पट्टीतला नाद. दोन टोकांना जड ठोकळे, त्यांच्यामध्ये मोकळ्या सोडलेल्या पातळ पट्ट्या. चेंडू लागला की पट्टी थरथरते आणि वाजते. पटरचं नाव याच आवाजावरून पडलं, पुढे कंपनीचंही पडलं. ग्रीनसारख्या जागी, जिथे लोक श्वाससुद्धा दबकत घेतात, तिथे वाजणारा पटर काहींना मुळीच आवडला नाही.

इथे जरा थांबू या. मुठीतला पीळ कमी करायला निघालेल्या माणसाने इतका वाजणारा पटर बनवला, हा विरोधाभास नाही. फटक्यानंतर क्लबमध्ये दोन निराळ्या गोष्टी होतात. एक, डोकं मुठीत पिळलं जातं. दुसरी, डोकं आणि दांडा कंप पावतात, वाजतात. पहिली गोष्ट फटका बिघडवते. दुसरी काय घडलं ते कळवते. सोलहाइमनी पहिली आवळली आणि दुसरीला मोकळं सोडलं. मधोमध लागलेला चेंडू पिंग करतो, टोकाला लागलेला तसा वाजत नाही. कुठे लागला ते कानच सांगतो. क्लबच्या रचनेवर आजवर जे काम झालं, त्यात मला हे निवडणं सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

थरथर फटका बिघडवत नाही, याचा पुरावा हवा असेल तर 1960च्या दशकात इंग्लंडला धावती भेट द्या. ॲलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स ज्या संशोधनावर 1968 साली पुस्तक लिहिणार आहेत, ते इथे चालू आहे. तुम्हाला जो ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्यांचा क्लब, दिला जातो, त्याच्या दांड्यात डोक्याच्या जरा वर बिजागरी बसवली आहे. बिजागरीचा क्लब! मारा, जमेल. चेंडू नेहमीच्या ड्रायव्हरइतकाच लांब जातो. याचं कारण म्हणजे चेंडू आणि डोकं एकमेकांना चिकटलेले असतात तो काळ सेकंदाचा जेमतेम दोन हजारावा भाग. तेवढ्यात दांडा आणि हात यांना मध्ये पडायला वेळच नसतो. फटका लागला ही बातमी दांड्यातून वर चढून तुमच्या तळव्यात पोचते, तोवर चेंडू निघून गेलेला असतो. झिणझिण्यांनी फटका बिघडत नाही. फटका बिघडलेला असतो म्हणून झिणझिण्या येतात. सेंट अँड्र्यूजच्या त्या सकाळी तुमच्या अंगठ्याला हे कळलं होतं, फक्त त्याचा अर्थ लागला नव्हता.

पुढचं झपाट्याने. 1966चा जानेवारी, सोलहाइम आता ॲरिझोनातल्या फिनिक्सला राहतात. हाताशी कागद नाही म्हणून 78च्या ग्रामोफोन तबकडीच्या पाकिटावर एक नवा पटर रेखाटतात: टोकांना वजन तेच, मागे पोकळी. त्याचं नाव अँसर. 21 मार्च 1967ला त्याचं पेटंट मिळतं, त्याच वर्षी ज्यूलियस बोरॉस हा पटर वापरून फिनिक्स ओपन जिंकतात आणि सोलहाइम नोकरी सोडून आपली कंपनी काढतात. वजन कडेला नेण्याची युक्ती ते लोखंडी क्लबांतही आणतात. तुम्ही आज कोणत्याही दुकानात जाऊन मागून पोकळ केलेलं क्लबचं डोकं उचललंत, तर या माणसाची कल्पना हातात घेता.

2007. युक्ती टोकाला गेली आहे. ड्रायव्हरचं डोकं आता टायटॅनियमचं, आतून पोकळ आणि नियमाने परवानगी असलेल्या 460 घनसेंटिमीटरपर्यंत फुगलेलं. नायकीने तर ते चक्क चौकोनी केलं, म्हणजे वजन कोपऱ्यांत ढकलता येईल. सुमो स्क्वेअर नावाचा हा ड्रायव्हर हातात घेऊन मारा. डोकं जागचं हलत नाही. टोकाचा फटकाही सरळ जातो. पण आवाज! रिकामा पत्र्याचा डबा काठीने बडवावा तसा. शेजारच्या टीवरची माणसं वळून बघतात. पीळ गेला, हादरा गेला, आणि तरीही कित्येक खेळाडूंनी तो क्लब खाली ठेवला.

हे समजून घ्यायला प्रयोगशाळेतल्या टेबलाशी उभं राहावं लागेल. क्लबचं डोकं बारीक दोऱ्यांनी टांगलेलं आहे, म्हणजे ते मोकळेपणी कंप पावेल. त्यावर मेणाने चिकटवलेला, नखाएवढा कंपनमापक. तुमच्या हातात पेनाएवढी हातोडी आणि तिच्या टोकाला बल मोजणारं यंत्र. हलकेच टकटक करा. पडद्यावर वेड्यावाकड्या शिखरांचा आलेख उमटतो. एकेक शिखर म्हणजे डोक्याची थरथरण्याची एकेक तऱ्हा. तळहाताची त्वचा सेकंदाला 200 ते 300 कंपनांच्या आसपास सर्वांत हुशार असते. कान 2000 ते 4000च्या आसपास. ड्रायव्हरच्या पोकळ डोक्याचा नाद नेमका कानाच्या आवडीच्या पट्ट्यात पडतो. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातल्या संशोधकांनी खेळाडूंना फटक्याचा अनुभव विचारला, तेव्हा हाताला छान लागला असं म्हणताना ते बऱ्याच अंशी छान ऐकू आलेल्या फटक्याबद्दल बोलत होते.

म्हणून आता डोक्याच्या आत बारीक बरगड्या बसवतात. पातळ पत्रा आवळला जातो, नाद उंच आणि आखूड होतो. लोखंडी क्लबांच्या पोकळीत मऊ पदार्थ भरतात. टेलरमेडच्या 2017च्या पी-790मध्ये असा फेस आहे. धातू थरथरला की त्याला चिकटलेला फेस ताणला-दाबला जातो, आणि थरथरीची ताकद त्यात किंचित उष्णता होऊन जिरते. सेंट अँड्र्यूजच्या कारागिराने चामडं पुढे लावलं होतं, यांनी मऊपणा पाठीमागे नेला. जागा बदलल्याने चेंडूचा वेग वाया जात नाही, हा मोठाच फायदा.

टेबलावर तीन डोकी ठेवली आहेत. पहिलं रिकामं, टोकाला मारलं की मनगटापर्यंत झणका येतो. दुसऱ्यात फेस ठासून भरलेला. कुठेही मारा, सगळे फटके एकसारखे मऊ, आणि दहा चेंडूंनंतरही तुम्हाला सांगता येत नाही की कोणता मधोमध लागला. विकायला हे दुसरं सोपं, पण नवशिक्याने ते घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. त्याच्यावर कुणी काही शिकू शकणार नाही. तिसऱ्यात फेस कमी आहे आणि वजन कडेला. ते दांड्यावर चढवून घ्या आणि मुद्दाम टोकाला मारा. चेंडू थोडा उजवीकडे झुकून पडतो, अंगठा दुखत नाही, पण तर्जनीखाली एक बारीकशी सळसळ येऊन जाते. पुढच्या वेळी उभं राहताना तुम्ही कुणी न सांगता अर्धा इंच पुढे सरकता.