सेल्फ, फ्लायव्हील आणि दात्यांचा हिशेब

आपल्याकडे स्टार्टर मोटरला स्टार्टर मोटर कुणी म्हणत नाही. ‘सेल्फ’ म्हणतात. सेल्फ मारला, सेल्फ उचलत नाही, सेल्फ दुरुस्तीला टाकलाय. ‘सेल्फ-स्टार्टर’ या जोडशब्दातला मागचा अर्धा गळून पडला आणि ‘स्वतः’ तेवढा उरला. तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेलेल्या आमच्यासारख्यांना याची गंमत वाटते. कारण गाडीतल्या ज्या वस्तूला आपण ‘स्व’ म्हणतो, तिच्याइतकी दुसऱ्यावर अवलंबून असलेली वस्तू त्या गाडीत क्वचितच सापडेल.

म्हणजे बघा. सेल्फच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं, पिनियन. ते पुढे सरकतं, फ्लायव्हीलच्या कडेवरच्या रिंग गिअरमध्ये अडकतं, इंजिनाला काही फेरे देतं आणि माघारी येतं. सगळा खेळ दोन-चार सेकंदांचा. पण तेवढ्यासाठी मोटरची ताकद, दात्यांची संख्या, दात्यांचं माप, फिरण्याची दिशा, बोल्टची जागा, बॅटरीचे व्होल्ट हे सगळं एकमेकांशी जुळावं लागतं. जुनी गाडी बाळगणाऱ्याला नेहमी प्रश्न पडतो, हा सेल्फ त्या इंजिनाला चालेल का? या प्रश्नाचा उलगडा व्हायला आपल्याला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

आमच्या पिढीने अँबॅसेडरचं हँडल पाहिलेलं आहे. हँडल मारताना अंगठा मुठीभोवती वळवायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हे जुने ड्रायव्हर पोरांना आधी शिकवायचे. ठिणगी वेळेआधी पडली की इंजिन उलटा झटका देतं, हँडल उलट फिरतं आणि मनगट मोडतं. सेल्फमुळे स्त्रिया गाडी चालवू लागल्या असं सर्रास लिहिलं जातं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. ॲलिस रॅम्सी ही बावीस वर्षांची तरुणी १९०९ मध्ये मॅक्सवेल गाडीने न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला गेली, तेव्हा त्या गाडीला सेल्फ नव्हता. हँडलची भीती पुरुषांनाही तेवढीच होती. कबूल कोण करणार?

१९०८ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सला एक परीक्षा झाली. कॅडिलॅकच्या तीन गाड्या पूर्ण सुट्या केल्या, सगळे भाग एकमेकांत मिसळले आणि त्या ढिगातून तीन गाड्या पुन्हा उभ्या केल्या. कानस न लावता. त्या चालल्याही. त्याबद्दल कॅडिलॅकला ड्यूअर ट्रॉफी मिळाली. तोपर्यंत ‘ह्या गाडीचा भाग त्या गाडीला’ ही कल्पनाच नवलाची होती, कारण कारागीर प्रत्येक भाग घासून त्याच गाडीत बसवायचा. हेन्री लेलंड हा कॅडिलॅकचा प्रमुख मापाच्या बाबतीत विलक्षण काटेकोर होता. विजेचा सेल्फ मोठ्या प्रमाणावर सर्वांत आधी याच कंपनीने बसवला, १९१२ च्या मॉडेलवर, आणि त्यासाठी पुन्हा तीच ट्रॉफी मिळवली. याला आम्ही योगायोग मानत नाही. पिनियन आणि रिंग गिअर हजारो गाड्यांत सारखेच जुळायचे, तर आधी मापाची शिस्त हवी.

सेल्फ घडवला चार्ल्स केटरिंगने, ओहायोतल्या डेटन गावी. आधी तो नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होता. दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला त्याने विजेची मोटर बसवली होती. गल्ल्याचा खण उघडायला मोटर क्षणभरच लागते, पण त्या क्षणी जोर भरपूर लागतो. मग मोटर सतत चालवायची आहे असं धरून ती मोठी कशाला करायची? काही सेकंद तिच्यावर क्षमतेपेक्षा जास्त भार टाकला तर ती जळत नाही, तेवढी तापायच्या आत काम होऊन जातं. इंजिन फिरवायला इंजिनाएवढी मोटर लागेल, असं मानणाऱ्यांचं गणित इथे चुकत होतं. कॅडिलॅकच्या पहिल्या रचनेत तेच यंत्र मोटर म्हणूनही चालायचं आणि डायनॅमो म्हणूनही. सुरू करताना चोवीस व्होल्ट, चार्ज करताना सहा.

आता दात्यांकडे येऊ, कारण खरी मौज तिथे आहे. पिनियनला नऊ दाते आणि रिंगला १५३ असतील, तर पिनियनच्या सतरा फेऱ्यांत फ्लायव्हीलचा एक फेरा होतो. जोर सतरा पटींनी वाढला आणि वेग तेवढाच घटला. पेट्रोल इंजिन मिनिटाला दीडशे फेऱ्यांनी फिरवायचं, तर पिनियन अडीच हजारांच्या आसपास फिरतं. इथवर ठीक. पण इंजिन पेटलं आणि हजार फेऱ्यांवर गेलं की काय होईल? पिनियन अडकलेलंच राहिलं तर तेच प्रमाण उलटं फिरून अंगावर येतं. सतरा हजार फेरे! आर्मेचरच्या तारा उसवून बाहेर फेकल्या जातील. म्हणजे जोडण्याइतकाच सुटण्याचा प्रश्न मोठा होता.

त्यावरचं व्हिन्सेंट बेंडिक्सचं उत्तर आम्हाला अजूनही सुंदर वाटतं. मोटरच्या दांड्यावर मळसूत्री आटे, त्यावर सैलसर पिनियन. मोटर झटक्यात फिरते, पिनियन जडत्वामुळे मागे राहतं, म्हणून आट्यांवरून सरकत जाऊन रिंगमध्ये घुसतं. इंजिन पेटलं की रिंगच पिनियनला मोटरपेक्षा जोरात फिरवते, आणि ते त्याच आट्यांवरून परत येतं. वेगळा हात लागत नाही, वेगळी कळ लागत नाही. आपल्या गॅरेजांत सोलेनॉइडवाल्या नव्या सेल्फच्या पिनियनलाही ‘बेंडिक्स’च म्हणतात. माणूस गेला, त्याची रचना मागे पडली, नाव मात्र राहिलं. सोलेनॉइडच्या पद्धतीत पिनियन आधी अडकतं आणि मग मोटर फिरते, त्यामुळे दात्यांवर आदळआपट कमी होते. पण त्यासाठी फ्लायव्हीलही बदललेलं असू शकतं. ब्रिटिश मिनीचंच बघा. जुन्या पद्धतीत रिंगला १०७ दाते, नंतरच्या पद्धतीत १२९. एकाचा सेल्फ दुसऱ्याला बसवून भागत नाही.

शेवरोलेच्या छोट्या व्ही-एट इंजिनाचं उदाहरण तर पाठ्यपुस्तकात घालावं असं आहे. त्याला दोन मापांची फ्लायव्हील येतात, एक १५३ दात्यांचं आणि दुसरं १६८ दात्यांचं. व्यास पावणेतेरा इंच आणि चौदा इंच. भागून बघा, दोन्हीकडे व्यासाच्या इंचामागे बाराच दाते पडतात. म्हणजे दाता तोच, पिनियनही तेच चालेल. फरक पडतो तो जागेचा. मोठ्या चाकासाठी पिनियन पाच अष्टमांश इंच बाहेर हवं. म्हणून लहान चाकाच्या सेल्फचे दोन बोल्ट सरळ ओळीत असतात आणि मोठ्याच्या सेल्फचे तिरके. हे न पाहता घातलेला सेल्फ एक तर दात्यांवर घासतो किंवा दात्यांच्या टोकांनाच कसाबसा धरतो. योग्य सेल्फ असला तरी कारागीर पातळ पत्रे घालून अंतर जमवतो, आणि ते तो कानाने ओळखतो. इंजिन फिरवतानाच चिरका आवाज आला तर अंतर जास्त आहे. इंजिन पेटल्यावर, सेल्फ सुटताना आला, तर कमी आहे.

फोक्सवॅगन बीटलमध्ये गुंता आणखी वाढतो. सहा व्होल्टच्या गाडीचं फ्लायव्हील १०९ दात्यांचं, बारा व्होल्टच्या गाडीचं १३०. मोठं फ्लायव्हील जुन्या गिअरबॉक्सच्या घरात मावत नाही, घर आतून घासावं लागतं. सेल्फच्या दांड्याचं टोक गिअरबॉक्समधल्या एका बुशमध्ये फिरतं, आणि ते बुशही वेगळ्या मापाचं. सहा व्होल्टच्या मोटरला बारा व्होल्ट दिले तर ती चालते, जरा जास्तच आवेशाने. अनेक जण तशीच चालवतात. पण झिजलेलं बुश न बदलता नवा सेल्फ घातला, तर तो दोन दिवसांत जुन्यासारखाच रडतो आणि दोष येतो सेल्फवर.

दाते झिजतात तेही सगळीकडून नाही. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना दाबाविरुद्ध अडखळत थांबतं, आणि ते बहुधा ठरलेल्या दोन जागीच थांबतं. म्हणून पिनियन पुन्हा पुन्हा त्याच समोरासमोरच्या दात्यांवर आदळतं. बाकीची रिंग कोरी करकरीत असते. यावर जुना इलाज म्हणजे रिंग उतरवायची, पाव फेरा फिरवायची आणि तापवून पुन्हा बसवायची. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात तशीच. गरम असताना सैल, निवली की घट्ट. फक्त फार तापवली तर दात्यांचं पाणी उतरतं.

यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि मजुरी त्याचीच जास्त. म्हणून नवा-जुना कुठलाही सेल्फ विकत घेण्याआधी जुना सेल्फ काढावा, त्या भोकातून बॅटरीच्या उजेडात रिंगचे दाते बघावेत, खडूची खूण करून इंजिन हाताने फिरवत ते मोजावेत. पिनियनचे दातेही मोजावेत आणि दोन्ही आकडे लिहून दुकानात न्यावेत. दुकानदार गाडीचं नाव विचारेल. त्याला आकडे सांगावेत, कारण साठ वर्षांच्या गाडीत इंजिन कुठलं, गिअरबॉक्स कुठला आणि फ्लायव्हील कुणी कधी बदललं, हे बॉनेटवरच्या नावावरून कळत नाही.