एका फळीची बखर



ज्या इंग्रजी शब्दांनी आपल्या बोलण्यात कायमचे बिऱ्हाड केले आहे, त्यांत ‘बोर्ड’ हा एक फार कर्तबगार शब्द होय. दुकानावर बोर्ड लागतो, नाट्यगृहाबाहेर तिकिटे संपल्याचा बोर्ड लटकतो, भिंतीवर विजेच्या बटणांचा बोर्ड असतो, मुले कॅरमबोर्डाभोवती बसतात. कंपनीचे संचालक बोर्डाच्या बैठकीस जातात, आणि घरात कोणी दहावीला असेल तर त्या वर्षी बोर्डाचे नाव कुलदैवताच्या खालोखाल घेतले जाते. इतक्या परस्परभिन्न वस्तूंना एकच नाव का पडावे? कोश उघडला तर अर्थांची लांबलचक जंत्री तेवढी हाती लागते. तिची संगती मात्र इतिहासाकडेच मागावी लागते.

मुळात बोर्ड म्हणजे लाकडाची फळी. जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’ याच उच्चाराचा आणखी एक शब्द होता व त्याचा अर्थ कड किंवा जहाजाची बाजू असा होई. जहाजाच्या बाजूही फळ्यांच्याच, त्यामुळे हे दोन शब्द कालांतराने एकमेकांत मिसळून गेले. जहाजावर चढणे म्हणजे बोर्डवर जाणे, हा प्रयोग त्या मिश्रणातून आला; पुढे विमाने आली तेव्हा त्यांनी तो जसाच्या तसा उचलला. समुद्र ज्याने पाहिला नाही असा प्रवासीही आज विमानतळावर ‘बोर्डिंग पास’ हाती धरून उभा राहतो, तो या जुन्या दर्यावर्दी मंडळींच्या कृपेने. त्यांची गलबते उजव्या अंगाला बांधलेल्या एका मोठ्या वल्ह्याने वळविली जात. म्हणून जहाजाची उजवी बाजू ती ‘स्टारबोर्ड’, म्हणजे सुकाणूची बाजू, आणि डावी ती ‘लार्बोर्ड’. वादळात ओरडून दिलेल्या हुकुमात ही दोन नावे सारखीच ऐकू येत, म्हणून 1844 साली ब्रिटिश आरमाराने लार्बोर्ड हे नाव टाकून ‘पोर्ट’ हे नाव ठरविले.

परंतु या शब्दाचे खरे भाग्य उजळले ते जमिनीवर, भोजनगृहात. मध्ययुगीन इंग्लंडात जेवणाचे मेज आजच्यासारखे कायमचे मांडलेले नसे. दोन घोड्यांवर लांब फळ्या टाकाव्या, जेवण उरकावे आणि फळ्या उचलून भिंतीशी ठेवाव्या, अशी रीत होती. त्यामुळे फळी म्हणजेच मेज, आणि मेज म्हणजेच जेवण असा अर्थ आपोआप सरकत गेला. यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे ‘पाने घेतली’ असे म्हटले की झाडांकडे कोणी पाहत नाही. सगळे हात धुऊन पाटावर येऊन बसतात. पैसे देऊन परक्याच्या घरी जेवणारा तो ‘बोर्डर’ आणि जेवणाखाणासह राहण्याची जागा ती ‘बोर्डिंग’ झाली. याच मेजावर पत्त्यांचे डाव पडत. तेथे ज्याचे हात मेजाच्या वर दिसत तो सचोटीने खेळतो असे समजत. उघड व सरळ व्यवहाराला ‘मेजाच्या वरचा’ म्हणण्याची इंग्रजांची लकब तेथलीच.

ज्या मेजाभोवती माणसे जेवायला बसतात, त्याच मेजाभोवती ती मसलतीलाही बसतात. म्हणून मेजाचे नाव भोवती बसणाऱ्यांना मिळाले आणि बोर्ड म्हणजे अधिकारी मंडळ असा अर्थ रूढ झाला. सत्ता ही ज्या वस्तूवर बसते तिचेच नाव पुष्कळदा धारण करते. ‘ब्यूरो’ हे मुळात मेजावर अंथरायचे जाडेभरडे कापड, ‘बँक’ हा सराफाचा बाक, आणि आपल्याकडची ‘गादी’ तर सर्वांच्या परिचयाची आहे.

हिंदुस्थानच्या वाट्याला ही फळी आली ती या शेवटच्या अर्थाने. 1784 साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख करण्यासाठी ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ नेमले. कंपनीच्या संचालकांनी खलिता लिहावा व बोर्डाने तो तपासून बदलावा, अशी ती व्यवस्था 1858 पर्यंत टिकली. ज्यांनी हा देश कधी पाहिला नाही अशी माणसे लंडनमध्ये एका मेजाभोवती बसून येथील कोट्यवधी लोकांच्या कर, न्याय व शिक्षणाचे निकाल करीत.

तसलेच एक मेज मुंबईतही मांडले गेले. 1840 साली येथे ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ स्थापन होऊन मुंबई इलाख्यातील सरकारी शिक्षण त्याच्या हाती आले. सात सभासदांपैकी तिघे एतद्देशीय होते : जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महमद इब्राहिम मकबा. 1843 साली सर अर्स्किन पेरी हे न्यायमूर्ती अध्यक्ष झाले. शिक्षण द्यायचे ते इंग्रजीतून आणि मूठभर वरिष्ठ वर्गाला, असा त्यांचा आग्रह होता. 1847 साली त्यावरून बोर्डात उभी फूट पडली. कर्नल जॉर्ज जर्विस, ज्यांनी गणिताची पुस्तके मराठीत आणण्यासाठी पूर्वी पुष्कळ खटपट केली होती, ते आणि तिन्ही एतद्देशीय सभासद एका बाजूस झाले. सामान्य लोकांपर्यंत ज्ञान पोचवायचे तर ते त्यांच्या भाषेतूनच पोचेल, हे त्यांचे म्हणणे. मला या वादाचे मोठे अप्रूप वाटते. एक मराठी सोनार, एक पारशी आणि एक कोकणी मुसलमान असे तिघे गृहस्थ सरन्यायाधीश व्हायच्या वाटेवर असलेल्या इंग्रजासमोर बसून देशभाषांची कड घेतात, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत याहून ठळकपणे यावयास हवी होती. पुढे 19 जुलै 1854 चा प्रसिद्ध खलिता निघाला. उच्च शिक्षण इंग्रजीतून आणि बहुजनांचे देशभाषांतून, अशी वाटणी त्याने केली. तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते चार्ल्स वुड हे बोर्ड ऑफ कंट्रोलचेच अध्यक्ष होते. त्या खलित्यानुसार सरकारी शिक्षणखाते निघाले आणि 1855 साली मुंबईचे बोर्ड मोडले.

खेड्यापाड्यांत हा शब्द पोचला तो ‘लोकल बोर्डा’मुळे. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल होई. त्याचे दोन भाग रस्त्यांकडे आणि एक भाग शाळांकडे जाई. लॉर्ड रिपन यांच्या 1882 च्या ठरावानंतर 1884 साली मुंबईत लोकल बोर्डांचा कायदा झाला व त्या पैशावर लोकप्रतिनिधींची थोडीफार नजर राहू लागली. शाळा बोर्डाची, विहीर बोर्डाची, धर्मशाळा बोर्डाची. या शब्दाच्या आश्रयाने एक अवघड प्रश्नही उभा राहिला, कारण जी विहीर सर्वांच्या पैशाची तिच्यावर अस्पृश्यांना मज्जाव कसा? 1923 साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेकौन्सिलात सार्वजनिक पाणवठे, शाळा व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव संमत करून घेतला. ठराव कागदावर झाला; पाण्यासाठी 1927 साली महाडला सत्याग्रह करावा लागला.

1962 साली जिल्हा परिषदा आल्या आणि लोकल बोर्डे इतिहासजमा झाली. शालान्त परीक्षेच्या संस्थेलाही ‘मंडळ’ हे चांगले भारदस्त नाव आहे. तरीही परीक्षा देणारा मुलगा बोर्डाचीच परीक्षा देतो. उलट वर्गातल्या काळ्या फळीला आपण ‘फळा’ म्हटले आणि ते नाव टिकले. पंतोजीच्या शाळेत लाकडाच्या फळीवर धूळ पसरून मुले अक्षरे गिरवीत. ती धूळपाटी आपल्या ओळखीची होती. माझी समजूत अशी की, जी फळी आपल्या घरी होती तिला घरचेच नाव राहिले, आणि जी हुकूम घेऊन बाहेरून आली ती आपले परके नाव घेऊनच राहिली. पेशव्यांच्या दरबारी कचेरीला ‘फड’ म्हणत. तो शब्द बोर्डाला सहज देता आला असता. पण फड आता कुस्तीचा, तमाशाचा आणि उसाचा उरला आहे.

जेवणाचा अर्थ मात्र महाराष्ट्राने खऱ्या अर्थाने आपलासा केला. 1901 साली शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पाठोपाठ त्या नगरीत अनेक जातिधर्मांच्या मुलांसाठी बोर्डिंगे निघाली. ती बहुतांशी जातवार होती, हे खरे; पण खेड्यातल्या मुलाला शहरात शाळा होती आणि जेवण नव्हते, ही मूळ अडचण महाराजांनी अचूक ओळखली होती. भाऊराव पाटील हे त्याच कोल्हापुरात शिकलेले. 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करून 1924 साली त्यांनी साताऱ्यात जे बोर्डिंग चालविले, त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, आपला स्वयंपाक आपण करीत आणि एका पंगतीत जेवत. ज्या काळी पंगत ही जात दाखविण्याची जागा होती, त्या काळची ही गोष्ट आहे. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. मुलांच्या पोटाला कमी पडू लागले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी एकेक करून आपले दागिने दिले. शेवटी मंगळसूत्र राहिले होते. तेही त्यांनी मुलांच्या धान्यासाठी दिले.