नियम कोणी करायचे? 1942 चा धडा

जुलै 1942 मध्ये नागपूरच्या मोहन पार्कवर अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन उभारण्याचा निर्णय झाला. हा इतिहास आपल्याला पाठ आहे. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि 7 ऑगस्टला दिल्लीत त्यांच्या अध्यक्षतेखाली त्रिपक्षीय कामगार परिषद झाली. तिची चर्चा मात्र फारशी होत नाही.

त्या परिषदेत सरकार, मालक आणि कामगार एकत्र बसले. कामगार तिथे अर्जदार नव्हता, पक्षकार होता. ज्या समाजावर हजारो वर्षे त्याला न विचारता नियम लादले गेले, त्या समाजाच्या नेत्याने ही पद्धत रुजवली, हा आम्ही योगायोग मानत नाही.

1946 चा स्थायी आदेश कायदा याच वाटेने आला. हजेरी, रजा, शिक्षा यांच्या नियमांचा मसुदा मालकाने द्यायचा, युनियनने 15 दिवसांत हरकती घ्यायच्या, दोघांचे ऐकून अधिकाऱ्याने मंजुरी द्यायची. मर्यादा होती 100 कामगारांची.

2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने ती 300 वर नेली. 2015 च्या 46 व्या भारतीय श्रम परिषदेनंतर ही संहिता संसदेत मंजूर होईपर्यंत एकही परिषद भरली नाही. हिंगणा-बुटीबोरीच्या लहान कारखान्यांतल्या कामगाराने आता हरकत कुठे नोंदवायची?

पुतळ्याला हार घालणाऱ्या सरकारला आमचे सांगणे एकच: आधी श्रम परिषद बोलवा.

जय भीम!