गाडीची उंची वाढविणे
खराब रस्त्यावर मोटारीचे पोट घासू नये म्हणून निलंबनात किंवा टायरांत बदल करून ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन व गाडीचा सर्वांत खालचा भाग यांतील अंतर, वाढविण्याची क्रिया.

गरज : भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक १० सेंमी. उंच व ३.७ मी. रुंद असतो, पण गल्लीबोळांतले पुष्कळ गतिरोधक त्याहून अरुंद व उभे असतात. पाच माणसे व सामान घेऊन नाशिकच्या इंदिरानगरातून निघालेली सेडान अशा गतिरोधकांवर टेकते, कारण भाराने स्प्रिंगा दबून अंतर घटते. नाशिकमध्येच तयार होणाऱ्या महिंद्र बोलेरोत ते मुळातच सुमारे १८० मिमी. असते.

पद्धती : स्ट्रटच्या माथ्यावर स्पेसर, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर, उंच स्प्रिंगा किंवा मोठे टायर. बफर मुख्यतः दबणे रोखतो; रिकाम्या गाडीची उंची त्याने फारशी वाढत नाही.

परिणाम : गुरुत्वमध्य वर जातो, वळणावर गाडी अधिक कलते; ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांचा कोन वाढून झीज होते. व्हील अलाइनमेंट पुन्हा करावीच लागते.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांना मनाई करते. (पहा : गतिरोधक; निलंबन, वाहनाचे).