पीसीओएसमधील इन्सुलिन प्रतिरोध

पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, संक्षेपाने पीसीओएस, या विकारात शरीरातील पेशी इन्सुलिन या संप्रेरकाला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत, त्या अवस्थेस पीसीओएसमधील इन्सुलिन प्रतिरोध असे म्हणतात. ही उणीव भरून काढण्यासाठी स्वादुपिंड अधिक इन्सुलिन स्रवते. त्यामुळे रक्तातील साखर अनेक वर्षे प्रमाणात राहू शकते. मात्र वाढलेले इन्सुलिन अंडाशयाचे कार्य बिघडवते. म्हणून उपाशीपोटी केलेल्या तपासणीत साखर प्रमाणात आढळली, तरी इन्सुलिन प्रतिरोध नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे ८ ते १३ टक्के स्त्रियांना पीसीओएस असतो आणि त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांचे निदान झालेले नसते.

इतिहास

स्त्रियांमधील पुरुषी केसवाढ आणि मधुमेह यांचा संबंध १९२१ साली आशार आणि तिए या फ्रेंच वैद्यांनी नोंदवला होता. १९३५ साली शिकागो येथील आयर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथाल यांनी पाळी बंद झालेल्या व अंडाशय मोठे झालेल्या सात स्त्रियांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे दीर्घकाळ हा विकार ‘स्टाइन-लेव्हेंथाल सिंड्रोम’ या नावाने आणि केवळ अंडाशयाचा विकार म्हणून ओळखला गेला. १९८० साली बर्गेन व सहकाऱ्यांनी या स्त्रियांमध्ये इन्सुलिन आणि अँड्रोजेन ही दोन्ही संप्रेरके एकत्र वाढलेली असतात हे दाखवले. १९८९ साली आंद्रेआ डुनाइफ व सहकाऱ्यांच्या संशोधनातून हा प्रतिरोध केवळ लठ्ठपणामुळे येत नाही, सडपातळ रुग्णांमध्येही तो आढळतो, हे स्पष्ट झाले.

‘पॉलिसिस्टिक’ हे नाव दिशाभूल करणारे आहे. सोनोग्राफीत दिसणाऱ्या गोलाकार रचना या गाठी नसून वाढ अर्धवट थांबलेली बीजपुटके असतात. २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने याच कारणास्तव नाव बदलण्याची शिफारस केली होती.

कार्यपद्धती

जेवणानंतर अन्नातील पिष्टमय पदार्थांचे ग्लुकोजमध्ये रूपांतर होऊन ते रक्तात येते. इन्सुलिनमुळे स्नायू व चरबीच्या पेशी हे ग्लुकोज आत घेतात आणि यकृत स्वतःची ग्लुकोजनिर्मिती कमी करते. प्रतिरोध असताना एवढ्याच कामासाठी अधिक इन्सुलिन लागते.

पीसीओएसमध्ये हा प्रतिरोध सर्व अवयवांत सारखा नसतो. स्नायूंमध्ये साखर सामावून घेण्याचे कार्य मंदावते. अंडाशय मात्र इन्सुलिनला प्रतिसाद देतच राहते. परिणामी स्नायूंसाठी वाढवलेल्या इन्सुलिनचा मारा अंडाशयावर होतो. तेथील थीका पेशी अधिक अँड्रोजेन तयार करू लागतात. त्याच वेळी लैंगिक संप्रेरकांना बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाची यकृतातील निर्मिती घटते आणि मुक्त, म्हणजे प्रत्यक्ष परिणाम करणाऱ्या, टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण वाढते. बीजपुटकांची वाढ खुंटते, बीजांड नियमितपणे बाहेर पडत नाही आणि पाळी लांबते. अँड्रोजेनच्या आधिक्यामुळे पोटाभोवती चरबी साठण्यास मदत होते व ती चरबी प्रतिरोध आणखी वाढवते. अशा रीतीने हे चक्र चालू राहते.

रक्तशर्करेतील चढउतार

प्रारंभीच्या काळात साखर वाढण्यापेक्षा इन्सुलिनच अधिक वाढलेले असते. काही स्त्रियांमध्ये जेवणानंतर इन्सुलिन उशिरा आणि गरजेपेक्षा जास्त स्रवते. त्यामुळे दोन ते चार तासांनी साखर खाली येऊ शकते. हात थरथरणे, घाम येणे, छातीत धडधडणे व एकाएकी तीव्र भूक लागणे ही त्याची लक्षणे होत. परंतु चिंता, अपुरी झोप, रक्तक्षय किंवा थायरॉइडचे विकार यांतही अशी काही लक्षणे दिसतात. त्यामुळे केवळ लक्षणांवरून साखर उतरल्याचे ठरवता येत नाही. मधुमेह नसलेल्या व्यक्तीत लक्षणांच्या वेळी साखर ५५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असणे आणि साखर वर आल्यावर लक्षणे थांबणे, या दोन्ही गोष्टी आढळल्या तरच ते निदान ग्राह्य मानतात.

कालांतराने स्वादुपिंडातील बीटा पेशींची क्षमता अपुरी पडू लागली की प्रथम जेवणानंतरची आणि नंतर बहुधा उपाशीपोटीची साखर वाढते. पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये टाइप २ मधुमेह व गर्भावस्थेतील मधुमेह यांचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो.

बाह्य लक्षणे

मानेच्या मागे, काखेत व जांघेत त्वचा जाड, मखमली आणि काळसर होणे हे प्रतिरोधाचे महत्त्वाचे बाह्य चिन्ह आहे. घराघरांत याला मळ समजून मुलींची मान घासली जाते, लिंबू-बेसन लावले जाते आणि अस्वच्छतेबद्दल बोलणीही बसतात. वस्तुतः हा मळ नसतो. वाढलेल्या इन्सुलिनमुळे त्वचेच्या पेशींची वाढ जास्त होत असते. घासल्याने ती त्वचा उजळत नाही, उलट तिला इजा होते. मानेवर लहान चामखिळीसारखे मांसल कोंब येणे आणि कमरेचा घेर वाढणे हीदेखील सूचक लक्षणे आहेत.

निदान व तपासण्या

प्रौढ स्त्रियांमध्ये पीसीओएसचे निदान २००३ च्या रॉटरडॅम निकषांवर आधारलेले आहे. अनियमित बीजांडनिर्मिती, अँड्रोजेनचे आधिक्य आणि सोनोग्राफीतील अंडाशयाचे विशिष्ट स्वरूप या तीनपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात व तत्सम अन्य विकार वगळावे लागतात. किशोरवयीन मुलींमध्ये मात्र पहिल्या दोन्ही गोष्टी आवश्यक मानतात. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत सोनोग्राफीवरून निदान करू नये असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

इन्सुलिन प्रतिरोध मोजण्याची सर्वांत अचूक ‘क्लॅम्प’ पद्धत संशोधनापुरती मर्यादित आहे. उपाशीपोटीचे इन्सुलिन व साखर यांवरून काढला जाणारा ‘होमा’ निर्देशांक प्रचलित असला, तरी निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या मोजमापांत फरक पडतो. म्हणून २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी नेहमीच्या उपचारांत इन्सुलिन मोजण्याची शिफारस केलेली नाही. त्याऐवजी साखरेची स्थिती तपासावी आणि धोक्यानुसार दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा पाहावी, असे त्यांत म्हटले आहे. त्यासाठी ग्लुकोज सहनशीलता चाचणी सर्वांत अचूक मानली जाते. तीत रात्रभर उपाशी राहून पहिला रक्तनमुना दिला जातो, नंतर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घेतले जाते व दोन तासांनी दुसरा नमुना देतात.

साखरेचे प्रमाण मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये पुढीलप्रमाणे वाचतात :
• उपाशीपोटी १०० ते १२५ – मधुमेहपूर्व अवस्था. १२६ किंवा अधिक – मधुमेह
• ग्लुकोजनंतर दोन तासांनी १४० ते १९९ – मधुमेहपूर्व अवस्था. २०० किंवा अधिक – मधुमेह

लक्षणे स्पष्ट नसतील, तर मधुमेहाच्या निदानासाठी दुसऱ्या चाचणीने खात्री करून घेतात. तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या एचबीएवनसी चाचणीत ५.७ ते ६.४ टक्के ही मधुमेहपूर्व आणि ६.५ टक्के वा अधिक ही मधुमेहाची पातळी होय. लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या रक्तक्षयात हा आकडा वास्तवापेक्षा अधिक येऊ शकतो, तर सिकलसेल विकारात तो विश्वासार्ह राहत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ५ नुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. गडचिरोली, नंदुरबार अशा जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण लक्षणीय आहेत. त्यामुळे येथे ही मर्यादा विशेष महत्त्वाची ठरते.

भारतीय संदर्भ

मुंबईतील १५ ते २४ वयोगटातील मुलींच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पीसीओएसचे प्रमाण रॉटरडॅम निकषांनुसार २२.५ टक्के, तर अधिक कडक निकषांनुसार १०.७ टक्के आढळले. प्रमाणाचे आकडे वाचताना वापरलेले निकष पाहणे किती आवश्यक आहे, हे यावरून दिसते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने भारतीयांच्या ‘कृश परंतु मेदयुक्त’ शरीरठेवणीकडे लक्ष वेधले. युरोपीय व्यक्तीइतकेच वजन असलेल्या भारतीय व्यक्तीत स्नायू कमी व चरबी अधिक असते. हे संशोधन पीसीओएसविषयी नसले, तरी सडपातळ दिसणाऱ्या मुलीतही प्रतिरोध का असू शकतो, हे समजण्यास त्याची मदत होते. भारतीय स्त्रियांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा ८० सेंटिमीटर मानली जाते.

उपचार

विकार मुळापासून बरा करणारे औषध उपलब्ध नाही. परंतु प्रतिरोध कमी करता येतो.

व्यायाम : स्नायू आकुंचन पावतात तेव्हा इन्सुलिनच्या मदतीशिवायही ते ग्लुकोज आत घेतात. त्यामुळे वजन घटले नाही तरी व्यायामाचा लाभ होतो. प्रौढांसाठी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम सुचवला जातो.

आहार : कोणताही एक विशिष्ट आहार इतरांपेक्षा श्रेष्ठ असल्याचे सिद्ध झालेले नाही. पिष्टमय पदार्थांचे प्रमाण, स्वरूप आणि सोबतचे पदार्थ यांवर साखरेची वाढ अवलंबून असते. नुसत्या भातापेक्षा थोडा भात, भरपूर उसळ, भाजी व ताक असे ताट सोयीचे ठरते. साबुदाणा हा जवळजवळ शुद्ध पिष्ट असल्याने उपवासाच्या दिवशी साखर अधिक वाढू शकते. मोठ्या उपासमारीने त्वरित वजन उतरवणे टिकाऊ ठरत नाही.

औषधे : मेटफॉर्मिन मुख्यतः यकृतातील ग्लुकोजनिर्मिती कमी करते. मळमळ व जुलाब हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. शाकाहारी स्त्रियांनी याकडे विशेष लक्ष देणे आवश्यक असते. गर्भनिरोधक गोळ्यांनी पाळी नियमित होते व अँड्रोजेनची लक्षणे कमी होतात, परंतु इन्सुलिन प्रतिरोध जात नाही. केवळ मेटफॉर्मिनने गर्भधारणा साधण्याचे प्रमाण मर्यादित आहे. ६२६ स्त्रियांवरील २००७ च्या अमेरिकी चाचणीत जिवंत प्रसूतीचे प्रमाण क्लोमिफेनने २२.५ टक्के, तर मेटफॉर्मिनने ७.२ टक्के होते. आज बीजांडनिर्मितीसाठी लेट्रोझोल हे प्रथम पसंतीचे औषध आहे. ही सर्व औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावी लागतात.

दीर्घकालीन महत्त्व

लग्नानंतर किंवा बाळंतपणानंतर पीसीओएस आपोआप बरा होतो, ही समजूत निराधार आहे. वय वाढेल तशी पाळी काहींमध्ये नियमित होते. पण मधुमेहाचा धोका त्यामुळे संपत नाही. गर्भधारणेच्या वेळी आणि त्यानंतरही साखरेची तपासणी चालू ठेवणे आवश्यक असते.

हेही पहा

• मधुमेह
• इन्सुलिन
• मासिक पाळी
• रक्तक्षय